एच अँड ई स्टेनिंग: प्रत्येक जारमध्ये काय घडते आणि स्लाइड बिघडली तर कुठे शोधायचे

ऊतींचे पातळ काप हिमॅटॉक्सिलिन (निळा) आणि इओसिन (गुलाबी) या दोन रंगांनी रंगवण्याचा, म्हणजे एच अँड ई स्टेनिंगचा क्रम जवळपास प्रत्येक हिस्टोलॉजी लॅबच्या भिंतीवर लावलेला असतो. तो पाठ व्हायला वेळ लागत नाही. तरीही तोच क्रम पाळणाऱ्या दोन लॅबच्या स्लाइड शेजारी ठेवल्या, तर एकीत केंद्रकाच्या आतली क्रोमॅटिनची जाळी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसते आणि दुसरीत केंद्रक म्हणजे नुसता निळा ठिपका असतो. तक्त्यावरची मिनिटे कोणत्या तरी एका हिमॅटॉक्सिलिनसाठी, एका प्रकारच्या पाण्यासाठी आणि ठरावीक जाडीच्या कापांसाठी लिहिलेली असतात. यातले काही बदलले की मिनिटेही बदलावी लागतात, आणि ती कधी बदलायची हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून पुढे वेळा आणि प्रमाणे दिली आहेतच, पण त्या टप्प्यावर काय घडते आणि काय पाहून पुढे जायचे यावर भर आहे.

आधी डोळ्यांसमोर काय हवे

केंद्रके निळी ते निळसर जांभळी हवीत. केंद्रकाची कड रेखीव, आत क्रोमॅटिनचे कण वेगळे आणि केंद्रिका ओळखू येईल अशी. पेशीद्रव आणि तंतू गुलाबी, पण एकाच गुलाबी छटेत नकोत. चांगल्या इओसिनमध्ये निदान तीन छटा दिसतात: तांबड्या रक्तपेशी सर्वांत भडक, स्नायू मध्यम, कोलॅजन फिका. तिन्ही एकाच रंगात रंगले असतील तर स्लाइड लांबून कितीही सुंदर दिसो, ती अर्धीच माहिती देते.

हे तपासण्यासाठी कंट्रोल (रंग पडताळायचा नमुना) म्हणून अपेंडिक्स किंवा लहान आतड्याचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, उत्तम. एकाच कापात गॉब्लेट पेशी, लिम्फोसाइट, गुळगुळीत स्नायू, सबम्युकोसातला कोलॅजन आणि रक्तवाहिन्यांत अडकलेल्या तांबड्या पेशी सगळे मिळते. लहान आतड्याच्या क्रिप्टच्या तळाशी असलेल्या पॅनेथ पेशींचे लाल कण इओसिनची वेगळी परीक्षा घेतात. ते कण ठळक उठून दिसत नसतील तर इओसिनमध्ये काहीतरी चुकते आहे. कंट्रोलचा ब्लॉक मात्र नीट फिक्स केलेला (फॉर्मलिनने स्थिर केलेला) असावा, नाहीतर दोष ऊतीचा असतो आणि आपण दिवसभर द्रावणे बदलत बसतो.

रंगाआधीच ठरून गेलेल्या गोष्टी

स्टेनिंगच्या नावावर जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी स्टेनिंगच्या आधीच तयार झालेल्या असतात. पहिली गोष्ट फिक्सेशन. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनसाठी बाजारातले फॉर्मलिन (सुमारे ४० टक्के फॉर्माल्डिहाइड) १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. ऊतीच्या निदान दहापट, जमल्यास वीसपट द्रावण घ्या. फॉर्मलिन ऊतीत ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर शिरते आणि शिरल्यानंतरही प्रथिनांना बांधायला त्याला वेळ लागतो. जाड तुकडा घाईने प्रोसेसिंगला (अल्कोहोल, झायलीन आणि मग मेण) टाकला तर मधला भाग पुढे अल्कोहोलमध्येच फिक्स होतो. मग एकाच कापात कडेची केंद्रके रेखीव आणि मधली पुसट, चिकट दिसतात. असा काप कोणत्याही हिमॅटॉक्सिलिनने सुधारत नाही.

दुसरी गोष्ट जाडी. सर्वसाधारण ऊतींसाठी ३ ते ५ मायक्रॉन, मूत्रपिंडाच्या बायोप्सीसाठी २ ते ३. पाच मायक्रॉनच्या कापात तीनच्या कापापेक्षा जास्त ऊती असते, म्हणून तो साहजिकच गडद दिसतो. एकाच रॅकमध्ये वेगवेगळ्या जाडीचे काप असतील तर स्टेनिंग कितीही अचूक केले तरी सारखे दिसणार नाही. अशा वेळी मायक्रोटोमवर काप घेणाऱ्याशी बोलणे हाच उपाय.

काप तरंगवण्याच्या वॉटर बाथचे तापमान मेणाच्या वितळबिंदूपेक्षा ५ ते ८ अंशांनी कमी ठेवा. ५६ ते ५८ अंशांचे मेण असेल तर बाथ ४८ ते ५१ अंश सेल्सिअसच्या आसपास. प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्याचा पृष्ठभाग टिश्यू पेपर ओढून साफ करा. एका रुग्णाची तरंगती पेशी दुसऱ्याच्या स्लाइडवर चिकटली तर निदानच चुकू शकते. बाथमध्ये जिलेटिन टाकायची सवय असेल तर ते अगदी थोडे टाका, कारण काचेवर राहिलेला जिलेटिनचा थर हिमॅटॉक्सिलिन घेतो आणि पार्श्वभूमी निळसर होते.

काप स्लाइडवर घेतल्यावर ती उभी ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या आणि मगच ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ३० ते ६० मिनिटे ठेवा. इथे घाई महागात पडते. कापाखाली अडकलेले पाणी उष्णतेने फुगते, काप जागोजागी उचलला जातो आणि केंद्रके फुटल्यासारखी पुसट होतात. नाजूक ऊती असतील तर ३७ अंशांवर रात्रभर वाळवणे जास्त सुरक्षित.

द्रावणे

हिमॅटॉक्सिलिन मिळते मध्य अमेरिकेतल्या हिमॅटॉक्सिलम कॅम्पेचियानम या झाडाच्या लाकडातून. ते स्वतः रंगद्रव्य म्हणून जवळजवळ निरुपयोगी आहे. ऑक्सिडीकरण होऊन त्याचे हिमॅटीन झाले आणि हिमॅटीन तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जोडले गेले की खरा रंग तयार होतो. या जोडीवर धन विद्युतभार असतो, म्हणून ती केंद्रकातल्या न्यूक्लिक आम्लांच्या ऋणभारित फॉस्फेट गटांना चिकटते. ॲल्युमिनियम इथे रंगबंधकाचे काम करते. तुरटी कमी पडली तर रंग नुसता सगळीकडे पसरतो, नेमका केंद्रकावर बसत नाही.

हॅरिसचे हिमॅटॉक्सिलिन (हॅरिस यांनी ही कृती १९०० साली दिली) अर्धा लिटर करायचे असेल तर: हिमॅटॉक्सिलिन २.५ ग्रॅम, ॲब्सोल्यूट (पाणी नसलेले) अल्कोहोल २५ मिली, पोटॅशियमची तुरटी ५० ग्रॅम, डिस्टिल्ड वॉटर ५०० मिली, सोडियम आयोडेट ०.५ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड २० मिली. हिमॅटॉक्सिलिन अल्कोहोलमध्ये विरघळवा. तुरटी गरम पाण्यात विरघळवा. दोन्ही एकत्र करून झटपट उकळी आणा, आचेवरून उतरवा आणि सोडियम आयोडेट थोडे थोडे करून टाका. द्रावण यावेळी फसफसून वर येते, म्हणून फ्लास्क निदान दुप्पट मापाचा घ्या. रंग गडद जांभळा झाला की फ्लास्क लगेच थंड पाण्यात ठेवून गार करा, पूर्ण गार झाल्यावर ॲसेटिक ॲसिड घाला आणि गाळा. हे लगेच वापरता येते. जुन्या कृतीत आयोडेटच्या जागी मर्क्युरिक ऑक्साइड असे. पारा विषारी आहे आणि त्याची विल्हेवाट लावणे अवघड, त्यामुळे आज ते वापरण्याचे काहीच कारण नाही.

आयोडेट मोजूनच घाला. ते जास्त झाले तर सगळे हिमॅटॉक्सिलिन एकदमच ऑक्सिडाइझ होते आणि ऑक्सिडीकरण हिमॅटीनपाशी न थांबता पुढे जाऊन रंग निकामी होतो. प्रमाणात घातले तर द्रावणात थोडे न बदललेले हिमॅटॉक्सिलिन शिल्लक राहते. हवेतल्या ऑक्सिजनने ते सावकाश हिमॅटीन होत राहते आणि द्रावण जास्त काळ टिकते.

मेयरच्या हिमॅटॉक्सिलिनसाठी लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये हिमॅटॉक्सिलिन १ ग्रॅम, तुरटी ५० ग्रॅम आणि सोडियम आयोडेट ०.२ ग्रॅम, शिवाय सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम आणि क्लोरल हायड्रेट ५० ग्रॅम. हे सौम्य आहे, त्याने जास्त रंग चढत नाही.

ॲसिड अल्कोहोल: ७० टक्के अल्कोहोल ९९० मिली, त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली हळूहळू. स्कॉटचे ब्लूइंग (केंद्रके निळी करण्याचे) द्रावण: लिटरभर पाण्यात सोडियम बायकार्बोनेट ३.५ ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट २० ग्रॅम.

इओसिन वाय १ टक्का पाण्यातले स्टॉक करून ठेवा आणि बुरशी येऊ नये म्हणून त्यात थायमॉलचा एखादा स्फटिक टाका. अल्कोहोलिक इओसिनसाठी या स्टॉकचे १०० मिली, १ टक्का फ्लॉक्सिन बी १० मिली, ९५ टक्के अल्कोहोल ७८० मिली आणि ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ४ मिली. फ्लॉक्सिनमुळे लाल छटा खुलतात. ते वगळले तरी चालते, आणि ज्यांच्या स्लाइड आधीच भडक येतात त्यांनी वगळावेच. पीएच ४.६ ते ५ च्या दरम्यान हवा. या एका आकड्याचे महत्त्व पुढे येईल.

क्रम

हा हॅरिसच्या हिमॅटॉक्सिलिनसाठीचा क्रम आहे.

१. झायलीन, तीन जार, प्रत्येकी ३ ते ५ मिनिटे.
२. ॲब्सोल्यूट अल्कोहोल, दोन जार, प्रत्येकी २ मिनिटे.
३. ९५ टक्के आणि मग ७० टक्के अल्कोहोल, प्रत्येकी १ मिनिट.
४. वाहते पाणी, २ मिनिटे.
५. हिमॅटॉक्सिलिन, ५ ते ८ मिनिटे.
६. वाहते पाणी, रंगीत पाणी जायचे थांबेपर्यंत.
७. ॲसिड अल्कोहोल, ३ ते १० सेकंद, लगेच पाणी.
८. ब्लूइंग, १ ते २ मिनिटे, मग वाहते पाणी ५ मिनिटे.
९. ९५ टक्के अल्कोहोल, १० डिप (बुडवून वर काढणे).
१०. अल्कोहोलिक इओसिन, ३० सेकंद ते २ मिनिटे.
११. ९५ टक्के अल्कोहोल, दोन जार, थोडे डिप, इओसिन पाहून.
१२. ॲब्सोल्यूट अल्कोहोल, तीन जार, प्रत्येकी १ मिनिट.
१३. झायलीन, तीन जार, प्रत्येकी २ मिनिटे. शेवटच्या जारमधून थेट माउंटिंग (कव्हरस्लिप चिकटवणे).

मेयर वापरत असाल तर पाचव्या पायरीला १० ते १५ मिनिटे द्या आणि सातवी पायरी वगळा.

प्रत्येक जारमध्ये स्लाइड घातल्या घातल्या रॅक दहा वेळा वरखाली हलवा. नुसता बुडवून ठेवलेला रॅक आधीच्या द्रावणाचा पातळ थर अंगावर घेऊन बसतो. बाहेर काढताना दहा सेकंद निथळू द्या आणि रॅकचा तळ टिश्यू पेपरवर टेकवा. हे दोन्ही नेमाने केले तर पुढची द्रावणे कितीतरी जास्त दिवस टिकतात.

मेण काढणे

इथे वाचवलेली दोन मिनिटे नंतर स्लाइड पुन्हा करण्यात जातात. मेण शिल्लक राहिले तर त्या जागी पाण्यातला रंग पोहोचतच नाही आणि कापावर फिके, न रंगलेले डाग पडतात. कधी मेण केंद्रकाच्या आतच राहते. मग केंद्रके धूसर दिसतात आणि दोष हिमॅटॉक्सिलिनवर जातो. शंका आली तर स्लाइड ध्रुवित प्रकाशात पाहा; उरलेले मेण चमकते. पहिल्या झायलीनमध्ये सर्वांत जास्त मेण जाते, म्हणून तो जार सर्वांत आधी टाकून द्या, दुसरा पहिल्याच्या जागी सरकवा आणि ताजे झायलीन नेहमी शेवटी भरा. अल्कोहोलच्या जारांनाही हाच नियम.

पाण्यातून बाहेर काढल्यावर काप एकसारखा ओला दिसला पाहिजे. पाणी थेंबाथेंबाने गोळा होत असेल किंवा काप पांढरट दिसत असेल तर पुढे जाऊ नका. अल्कोहोलमधून झायलीनकडे मागे जा.

हिमॅटॉक्सिलिन आणि डिफरन्शिएशन

हॅरिसची पद्धत आधी जास्त रंग चढवून मग जादा रंग काढण्याची आहे; या काढण्यालाच डिफरन्शिएशन म्हणतात. ॲसिड अल्कोहोलमध्ये हायड्रोजन आयन रंग आणि ऊती यांचा बंध तोडतात. सगळीकडचा सैल रंग आधी सुटतो आणि न्यूक्लिक आम्लाला घट्ट धरलेला शेवटी. थांबायचे ते या दोघांच्या मधल्या क्षणी, आणि तो क्षण काही सेकंदांचाच असतो.

नवीन द्रावण वापरताना किंवा नवीन माणूस शिकत असताना एकच स्लाइड घ्या. ॲसिड अल्कोहोलमध्ये दोन डिप, लगेच पाणी, थोडे ब्लूइंग, पाठ पुसून ओलीच सूक्ष्मदर्शकाखाली १० च्या ऑब्जेक्टिव्हने पाहा. पार्श्वभूमी जवळजवळ बिनरंगी आणि केंद्रके रेखीव दिसली तर झाले. पेशीद्रव आणि कोलॅजन अजून निळसर असेल तर आणखी एक-दोन डिप. केंद्रके फिकी पडली असतील तर पुन्हा हिमॅटॉक्सिलिनमध्ये. अशा चार-पाच स्लाइड पाहिल्या की त्या दिवसाच्या द्रावणाची खरी वेळ कळते आणि मग पूर्ण रॅक निर्धास्तपणे घालता येतो. ओली स्लाइड न पाहता डिफरन्शिएशन करणे हे या कामातले सर्वांत सामान्य आणि सर्वांत टाळता येण्याजोगे दुर्लक्ष आहे.

रॅक ॲसिड अल्कोहोलमध्ये उतरवताना आणि वर काढताना हात थांबू देऊ नका. वरच्या आणि खालच्या स्लाइडमधला दोन सेकंदांचा फरकही डोळ्यांना दिसतो.

डीकॅल्सिफिकेशन केलेल्या (कॅल्शियम काढून टाकलेल्या) हाडाच्या कापांना वेगळी वागणूक हवी. तीव्र आम्लात जास्त वेळ राहिलेल्या ऊतीतली न्यूक्लिक आम्ले तुटलेली असतात, रंगाला धरायला जागाच उरत नाही. अशा कापांना हिमॅटॉक्सिलिन दुप्पट वेळ द्या, ॲसिड अल्कोहोल नाममात्र किंवा अजिबात नको. पुढच्या वेळी फॉर्मिक ॲसिडसारखे सौम्य आम्ल वापरा आणि कॅल्शियम गेले की ऊती लगेच आम्लातून बाहेर काढा.

ब्लूइंग

हिमॅटॉक्सिलिनमधून निघालेला काप आम्लधर्मी असल्यामुळे तांबूस जांभळा असतो. पीएच वाढला की रंग निळा होतो आणि पाण्यात न विरघळणारा, पक्का होतो. ज्या ठिकाणचे नळाचे पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी आहे तिथे नुसत्या वाहत्या पाण्यात पाच मिनिटांत काम होते. मऊ किंवा आम्लधर्मी पाणी असेल तर अर्ध्या तासातही केंद्रके तांबूसच राहतात, तिथे स्कॉटचे द्रावण लागते. पाणी फार थंड असेल, साधारण १० अंशांखाली, तर ब्लूइंग मंदावते. पाण्यात क्लोरीन खूप असेल तर हिमॅटॉक्सिलिनचा रंग उडू शकतो, म्हणून तिथे वाहत्या पाण्याखाली तासन्‌तास ठेवू नका. पट्टीने आपल्या नळाचा पीएच मोजून तक्त्यावर लिहून ठेवणे हा पाच मिनिटांचा उद्योग आहे आणि त्याचा उपयोग कायम होतो.

अमोनियाचे पाणी झटपट निळे करते, पण तीव्र अमोनियाने काप स्लाइडवरून सुटतो. वापरायचेच तर अगदी पातळ. आणि ब्लूइंगनंतर काहीही वापरले असले तरी पाण्याने नीट धुवा, कारण कापावर राहिलेला अल्क पुढच्या जारमधले इओसिन बिघडवतो.

इओसिन

इओसिन ऋणभारित आहे. ते प्रथिनांच्या धनभारित अमिनो गटांना धरते, आणि ते गट धनभारित राहण्यासाठी माध्यम आम्लधर्मी हवे. पीएच ५ च्या वर गेला की गुलाबी रंग फिका पडतो. ४ च्या खाली गेला तर इओसिन स्वतःच आम्लरूपात जाते, रंग मळकट होतो आणि तीन छटांमधला फरक पुसला जातो. सकाळी छान येणारे इओसिन दुपारपर्यंत फिके पडत गेले तर बहुतेकदा रंग संपलेला नसतो. प्रत्येक रॅकबरोबर येणाऱ्या ब्लूइंगच्या अल्काने त्याचा पीएच वाढलेला असतो. पट्टीने मोजा, ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब घाला, ढवळा, पुन्हा मोजा. इओसिनच्या आधी ९५ टक्के अल्कोहोलचा जार ठेवण्याचे एक कारण हेच आहे: पाणी आणि अल्क दोन्ही तिथे सुटतात आणि इओसिन एकसारखे बसते.

इओसिनचे डिफरन्शिएशन वेगळ्या जारमध्ये होत नाही, ते डिहायड्रेशनमध्येच (अल्कोहोलने पाणी काढताना) होते. पाणी आणि पाणी असलेले अल्कोहोल इओसिन काढते, ॲब्सोल्यूट अल्कोहोल फारसे काढत नाही. म्हणजे इओसिननंतरचा ९५ टक्क्यांचा जार हाच तुमचा नियंत्रक. गडद वाटले तर तिथे आणखी डिप द्या, फिके वाटले तर तिथून लवकर काढून ॲब्सोल्यूटमध्ये घाला. त्या जारमध्ये हळूहळू पाणी साठले की तो जास्त इओसिन काढू लागतो आणि स्लाइड दिवसागणिक फिक्या होतात. लोक मग इओसिनची वेळ वाढवत जातात. बदलायचे असते ते अल्कोहोल.

पाण्यातले इओसिन वापरत असाल तर वेळ २ ते ५ मिनिटे ठेवा आणि नंतर पाण्यात अगदी क्षणभर बुडवा, कारण ते पाणीही डिफरन्शिएशन करते.

डिहायड्रेशन आणि माउंटिंग

झायलीनमध्ये स्लाइड गेल्यावर दुधी ढग दिसला तर ऊतीत पाणी उरले आहे. रॅक परत ॲब्सोल्यूटमध्ये न्या आणि झायलीनचा तो जार बदला. पाणी राहिलेली स्लाइड माउंट केली तर काही दिवसांत धूसर होते आणि रंग उडू लागतो.

डीपीएक्सचा (कव्हरस्लिप चिकटवणाऱ्या द्रावणाचा) एक थेंब पुरतो. कव्हरस्लिपची एक कड आधी टेकवून मग हळू आडवी सोडा, हवा पुढे सरकत बाहेर जाते. दाबून बुडबुडे काढण्यापेक्षा सावकाश सोडणे बरे. बहुतेक ऑब्जेक्टिव्हवर ०.१७ हा आकडा कोरलेला असतो, तो मिलिमीटरमध्ये अपेक्षित कव्हरस्लिपची जाडी आहे. डीपीएक्सचा जाड थर या हिशेबात भर घालतो आणि ४० च्या ऑब्जेक्टिव्हला प्रतिमा कधीच धारदार येत नाही. तेव्हा दोष स्टेनला दिला जातो.

स्लाइड झायलीनमधून काढल्यावर काही सेकंदांत माउंट करा. झायलीन उडून काप कोरडा पडला की त्यात सूक्ष्म हवा अडकते. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकांवर तपकिरी-काळे चमकदार ठिपके दिसतात, फोकस हलवला की उजळतात आणि काळवंडतात. हे रंगद्रव्य नाही, अडकलेली हवा आहे. झायलीनमध्ये कव्हरस्लिप काढून स्लाइड अल्कोहोलमार्गे पाण्यापर्यंत परत न्या, मग पुन्हा वर चढवून ओलीच माउंट करा, ठिपके जातात.

स्लाइड बिघडली तर

केंद्रके फिकी: द्रावण जुने, वेळ कमी, ॲसिड अल्कोहोल जास्त किंवा ऊती आम्लात राहिलेली. हिमॅटॉक्सिलिन जिवंत आहे का हे पाहायला नळाच्या पाण्याच्या ग्लासात त्याचे काही थेंब टाका. लगेच निळसर जांभळे झाले तर ठीक, तांबूस किंवा तपकिरीच राहिले तर नवीन करा. ही परीक्षा नळाचे पाणी किंचित अल्कधर्मी असेल तरच खरी ठरते.

केंद्रके तांबूस तपकिरी: ब्लूइंग अपुरे, किंवा रंग जास्त ऑक्सिडाइझ झालेला. आधी ब्लूइंग वाढवून पाहा.

केंद्रके गडद आणि आतले काहीच दिसत नाही: काप जाड, वेळ जास्त किंवा डिफरन्शिएशन कमी. सगळ्याच स्लाइड अशा असतील तर द्रावण नुकतेच बनवलेले आहे का पाहा. ताज्या हिमॅटॉक्सिलिनला कमी वेळ लागतो.

सगळीकडे निळे-काळे कण: हिमॅटॉक्सिलिनच्या पृष्ठभागावर धातूसारखी चमकणारी साय येते, ती स्लाइडवर बसते. रोज सकाळी गाळा. एवढेच.

कणांचा रंग तपकिरी-काळा असेल आणि ते रक्ताच्या आसपास असतील तर ते फॉर्मलिनचे पिगमेंट असण्याची शक्यता मोठी. आम्लधर्मी झालेल्या, बफर नसलेल्या फॉर्मलिनमध्ये हिमोग्लोबिनपासून ते तयार होते आणि ध्रुवित प्रकाशात चमकते. स्टेनिंगच्या आधी काप अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडमध्ये १० मिनिटे किंवा जास्त ठेवून, नीट धुवून घेतला तर ते जाते. पिक्रिक ॲसिड कोरडे पडले की स्फोटक असते, त्यामुळे बाटली नेहमी ओली ठेवा. खरा उपाय मात्र बफर्ड फॉर्मलिन.

गुलाबी फिका: पीएच, अल्काचा अंश, किंवा इओसिननंतरचे पाणीयुक्त अल्कोहोल, याच क्रमाने तपासा. गुलाबी भडक आणि सपाट: इओसिनमध्ये वेळ जास्त, ९५ टक्क्यांत कमी, किंवा काप जाड.

गॉब्लेट पेशींचा म्युसिन निळसर: गिलचे हिमॅटॉक्सिलिन (आणखी एक कृती) वापरत असाल तर हे अपेक्षित आहे. हॅरिसमध्ये दिसले तर डिफरन्शिएशन कमी आहे.

स्लाइड पुन्हा करायची वेळ आली तर कव्हरस्लिप ओढून काढू नका. झायलीनमध्ये ठेवा, ती स्वतः सुटेल; जुन्या स्लाइडला एक-दोन दिवस लागतात. मग अल्कोहोलमधून पाण्यात, ॲसिड अल्कोहोलमध्ये निळा रंग जाईपर्यंत, भरपूर पाण्याने धुवून पुन्हा हिमॅटॉक्सिलिनपासून सुरुवात. इओसिन पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये आधीच निघून गेलेले असते.

रोजची शिस्त

सकाळी हिमॅटॉक्सिलिन गाळा, सर्व जारांतली पातळी स्लाइडच्या वर असल्याची खात्री करा, इओसिनचा पीएच मोजा आणि कंट्रोलची एक स्लाइड पूर्ण क्रमातून काढा. ती पॅथॉलॉजिस्टने किंवा अनुभवी तंत्रज्ञाने पाहून सही केल्यावरच रुग्णांच्या स्लाइड घाला. वहीत द्रावण बदलल्याची तारीख लिहा आणि त्याबरोबर त्यातून गेलेल्या स्लाइडची संख्याही लिहा. द्रावण दिवसांनी संपत नाही, स्लाइडनी संपते. कंट्रोलच्या स्लाइड तारखेने रांगेत ठेवल्या की महिन्याभरातली हळूहळू होणारी घसरण नजरेत येते. रोजच्या एकट्या स्लाइडवर ती कळत नाही.

झायलीन ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ डोकेदुखी, घशाची जळजळ घडवते, म्हणून जार झाकलेले आणि फ्यूम हूडखाली हवेत. साध्या पातळ नायट्राइल ग्लोव्हजमधून झायलीन काही मिनिटांत आत शिरते, त्यामुळे भिजलेले ग्लोव्हज लगेच बदला. वापरलेले झायलीन आणि अल्कोहोल सिंकमध्ये ओतायचे नाही. लेबल लावलेल्या वेगवेगळ्या कॅनमध्ये साठवून घातक रसायनांच्या विल्हेवाटीच्या व्यवस्थेकडे द्या. ॲसिड अल्कोहोल बनवताना ॲसिड अल्कोहोलमध्ये घाला, उलटे कधीच नको, आणि तेही हूडखाली, चष्मा लावून.